नव्या शिक्षकाची नोकरी नेमकी कधी सुरू होते?

डी.एड. किंवा बी.एड. होऊन शाळेत लागलेल्या तरुणाला नोकरीचा पहिला दिवस विचारला, तर महाराष्ट्रात निदान चार उत्तरे संभवतात. संस्थेची ऑर्डर हातात पडली तो दिवस. शाळेत हजर होऊन मस्टरवर सही केली तो दिवस. शिक्षणाधिकाऱ्यांनी वैयक्तिक मान्यता दिली तो दिवस. आणि शालार्थ या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत नाव चढून पहिला पगार बँकेत जमा झाला तो दिवस. माणूस शिक्षणसेवक म्हणून लागला असेल तर पाचवी तारीखही असते, तीन वर्षे संपून वेतनश्रेणी लागल्याची. या तारखांमध्ये कधी काही महिन्यांचे, तर कधी काही वर्षांचे अंतर पडते. ज्येष्ठता, वेतनवाढ, निवृत्तिवेतन, कामावरून काढल्यास अपील करण्याचा हक्क यांपैकी काय कोणत्या तारखेपासून धरायचे, हा गेली पंचवीस वर्षे चाललेला वाद आहे. नवशिक्षकांच्या सेवाशर्तींवरचे भांडण वरवर मानधनाच्या आकड्यावर दिसते. मुळाशी गेले की ते बहुतेक वेळा या तारखांपाशी येऊन थांबते.

१९७७ चा कायदा

खाजगी शाळांतील शिक्षकांना पूर्वी ‘सेकंडरी स्कूल कोड’चा आधार होता. पण त्या प्रशासकीय सूचना होत्या, कायदा नव्हता. संस्थाचालकाने मनात आणले तर शिक्षक मार्चमध्ये घरी जाई आणि त्याला दाद मागायला जागा नसे. या परिस्थितीतून १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आला. शिक्षकांच्या बोलण्यात तो ‘एमईपीएस’. त्याखालचे नियम १९८१ चे. अनुदानित आणि विनाअनुदानित असा भेद न करता मान्यताप्राप्त खाजगी शाळांना तो लागू आहे. ही गोष्ट अनेक नव्या शिक्षकांना ठाऊकच नसते. अनुदान नाही म्हणजे कायदाही नाही, असे त्यांना सांगितलेले असते आणि त्यांनी ते मानलेले असते.

कायद्याच्या कलम ५ नुसार कायम रिक्त जागेवर नेमलेला कर्मचारी दोन वर्षे परिविक्षेवर असतो. ती पूर्ण झाली आणि मध्ये सेवा संपवलेली नसली, तर तो आपोआप कायम झाल्याचे मानले जाते. वेगळ्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. परिविक्षेच्या काळात काम किंवा वर्तन समाधानकारक नसल्यास एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन व्यवस्थापनाला सेवा संपवता येते. मात्र या काळात मुख्याध्यापकाने कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवावी, असे नियम सांगतात. कामावरून काढल्यास तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. न्यायाधिकरण पुन्हा कामावर घेण्याचा आणि मागील पगाराचा आदेश देऊ शकते. पुन्हा घ्यायचे नाही असे ठरल्यास दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्याला सहा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देववू शकते.

सगळ्यांत बोलके आहे ते राजीनाम्याचे कलम ७. राजीनाम्याच्या दोन प्रती लिहायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. नोकरी देतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची आणि नको झाला की वर राजीनाम्याचा मजकूर भरायचा, हा प्रकार त्या काळी किती रुळलेला असेल, हे या एका कलमावरून कळते. पण आज रुजू होणाऱ्या किती जणांना हे कलम कोणी दाखवते? शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात पाठ टाचण कसे काढायचे ते पुष्कळ येते, सेवेचा कायदा फारसा येत नाही.

जिल्हा परिषद आणि महापालिकांच्या शाळांतील शिक्षक या कायद्याबाहेर आहेत. त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या वेगळ्या नियमांनी आणि शासन निर्णयांनी ठरतात आणि वाद झाला तर त्यांची वाट बहुधा उच्च न्यायालयाकडे जाते.

शिक्षणसेवक

२००० साली राज्याने शिक्षणसेवक योजना आणली. नव्याने लागणाऱ्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधनावर काम करायचे आणि नंतर नियमित व्हायचे. मानधन प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,००० आणि उच्च माध्यमिकला ५,००० रुपये होते. त्या वर्षांत राज्याच्या तिजोरीची अवस्था बिकट होती, पाचव्या वेतन आयोगाचा भार नुकताच पडला होता आणि हजारो पदे रिकामी होती. तेव्हा योजना मांडली गेली ती जास्त शिक्षक नेमता यावेत म्हणून. आरंभी तिला फक्त शासन निर्णयाचा आधार होता. २००७ मध्ये मूळ कायद्यातच दुरुस्ती होऊन शिक्षणसेवकाची व्याख्या आली आणि त्याच्यासाठी तीन वर्षांच्या परिविक्षेची वेगळी तरतूद झाली. पुढे कायद्यात ‘सहायक शिक्षक (परिविक्षाधीन)’ असे नाव आले. बोलण्यात मात्र शिक्षणसेवक हेच टिकले.

या दुरुस्तीकडे दोन बाजूंनी पाहता येते. शिक्षणसेवक कायद्याच्या छत्राखाली आला, त्याला काढायचे तर व्यवस्थापनाला कायद्याने जावे लागते आणि तीन वर्षांनी तो कायम होतो, हा लाभ खरा आहे. दुसरीकडे, दोन वर्षांच्या परिविक्षेत पूर्ण पगार मिळत असे, तो आता तीन वर्षांच्या परिविक्षेत मानधनावर आला. एकाच शाळेत, एकाच वर्गाला, तितकेच तास शिकवणाऱ्या दोघांच्या पगारात कित्येक पटींचा फरक पडला. मानधन पुढे ६,०००, ८,००० आणि ९,००० झाले आणि मग दहा-अकरा वर्षे तिथेच राहिले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याबद्दल सरकारला सुनावले. जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० करण्यात आले. तुलनेसाठी, सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० आणि प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचे ३८,६०० आहे. महागाई भत्ता आणि घरभाडे त्यावर वेगळे.

मानधनाला महागाई भत्ता जोडलेला नाही, हा तपशील आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे असे मला वाटते. वेतनश्रेणी वर्षातून दोनदा महागाईमागे धावते. मानधन मात्र आंदोलन, याचिका किंवा निवडणूक येईपर्यंत हलत नाही.

परीक्षा आणि पोर्टल

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २३ खाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, सक्तीची केली. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. २ मे २०१२ पासून राज्याने, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत, नवी भरती थांबवली होती. म्हणजे परीक्षा सुरू झाली तेव्हा भरतीच बंद होती. त्या वर्षांत डी.एड. झालेल्या पिढीच्या वाट्याला आलेली वाट पाहणे कोणत्याही सेवापुस्तिकेत नोंदलेले नाही.

खाजगी संस्थांतल्या भरतीत देवघेव चालते, ही तक्रार जुनीच. तिच्यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टल आले. चाचणी दोनशे गुणांची असते आणि तिच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. जिल्हा परिषदांना उमेदवार थेट मिळतात; खाजगी संस्थांना मुलाखतीशिवाय किंवा ठरावीक उमेदवारांची मुलाखत घेऊन, असे दोन पर्याय असतात. पोर्टलचा मोठा गुण हा की पैसे न मोजता नोकरी मिळालेली मुले-मुली आता गावोगाव दिसतात. उणीव गतीची. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ ची आणि तिच्यावरची पहिली निवड यादी ऑगस्ट २०१९ ची. दुसरी चाचणी २०२३ च्या सुरुवातीला झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे अकरा हजार उमेदवारांची शिफारस झाली. तिसरी चाचणी २०२५ मध्ये घेतली गेली. मधल्या काळात २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून दिल्याचा घोटाळा पुणे सायबर पोलिसांच्या तपासात बाहेर आला आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाईची पाळी आली. परीक्षेतून आलेला प्रामाणिक उमेदवारही त्यानंतर काही काळ संशयात वावरला.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट’ प्रकरणात टीईटीची अट सेवेत असलेल्यांनाही लावली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी उरलेल्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायची. कमी अवधी असलेल्यांना सेवेत राहता येईल, पण पदोन्नतीसाठी परीक्षा लागेल. हे प्रकरण नव्यांपेक्षा जुन्यांना अधिक झोंबले. नवशिक्षकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे: कायम झालो म्हणजे पात्रतेचा विषय संपला, हे गृहीत धरता येत नाही.

ऑर्डर आहे, मान्यता नाही

संस्थेने ऑर्डर दिली तरी अनुदानित शाळेत पगार सरकार देते. त्यासाठी संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार मंजूर झालेल्या पदांत, पद असावे लागते, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा तक्ता, तपासलेली असावी लागते, मग शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शेवटी शालार्थ क्रमांक. यातल्या कोणत्याही टप्प्यावर फाइल अडते. अडलेल्या काळात शिक्षक वर्ग घेत असतो, परीक्षेचे पेपर तपासत असतो, निवडणुकीच्या कामालाही जातो. पगार मात्र नसतो. शिक्षकांच्या भाषेत याला ‘विदाऊट पेमेंट’ म्हणतात.

मान्यता नसेल तर नेमणूकच नाही का? या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००६ मध्ये ‘सेंट उलई हायस्कूल’ प्रकरणात स्पष्ट भूमिका घेतली. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता ही नेमणूक वैध ठरण्याची पूर्वअट नाही. मान्यता नाही एवढ्यावरून न्यायाधिकरणाने अपील फेटाळू नये. म्हणजे व्यवस्थापन आणि शिक्षक यांचे नाते ऑर्डरनेच जुळते. सरकार पगार देईल की नाही, हा वेगळा प्रश्न. कायद्याच्या दृष्टीने हा भेद नेटका आहे. घरभाडे भरणाऱ्या शिक्षकाच्या हाती मात्र त्याने फारसे काही पडत नाही, कारण संस्था सांगते पगार शासनाने द्यायचा आणि शासन सांगते नेमणूक संस्थेची.

दुसरा कायदेशीर गुंता तात्पुरत्या नेमणुकीचा. जागा कायम रिकामी असताना ऑर्डर मात्र एका शैक्षणिक वर्षाची द्यायची, जूनमध्ये नेमायचे आणि एप्रिलअखेर सोडायचे, ही रीत सर्वपरिचित आहे. अशा नेमणुकीला परिविक्षेचा दर्जा आपोआप मिळतो का? सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘हिंदुस्थान एज्युकेशन सोसायटी’ प्रकरणात मर्यादित मुदतीची नेमणूक परिविक्षेवरची मानता येणार नाही, असे म्हटले. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाला पुन्हा या प्रश्नाचा विचार करावा लागला. आज एवढे म्हणता येते की ऑर्डरवर काय लिहिले आहे आणि भरतीची प्रक्रिया पाळली होती का, यावर निकाल फिरतो. म्हणून अनुभवी शिक्षक नव्याला पहिला सल्ला देतात तो ऑर्डर नीट वाचण्याचा: जागा कायम की तात्पुरती, प्रवर्ग कोणता, परिविक्षेचा उल्लेख आहे का.

मान्यतेच्या या लांबलेल्या रांगेतच गैरव्यवहाराला जागा मिळते. नागपूर विभागात २०२५ मध्ये बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघड झाले, अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. पडताळणी कडक झाली हे आवश्यकच होते. तिचा फटका सरळ मार्गाने आलेल्यांनाही बसतो, अशी शिक्षक संघटनांची तक्रार आहे.

अनुदानाच्या बाहेर

२००१ मध्ये राज्याने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये ‘कायम’ शब्द काढला, मूल्यांकन सुरू झाले आणि २०१६ पासून २० टक्के, ४० टक्के अशा टप्प्यांनी अनुदान येऊ लागले. टप्पा वाढावा म्हणून आझाद मैदानावर होणारी आंदोलने हा आता शैक्षणिक दिनदर्शिकेचाच भाग झाला आहे. जुलै २०२५ मधले त्यातले अलीकडचे एक. या शाळांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी लागलेला ‘नवा’ शिक्षक आज पन्नाशीला टेकला आहे आणि अजून पूर्ण पगारावर आलेला नाही. निवृत्तिवेतनाचा वादही त्यातूनच निघतो. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. मग त्याआधी नेमले गेले पण ज्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान त्या तारखेनंतर मिळाले, त्यांचे काय? शिक्षक नेमणुकीची तारीख पुढे करतात, शासन अनुदानाची. मार्च २०२३ च्या राज्यव्यापी संपात जुन्या पेन्शनची मागणी केंद्रस्थानी होती.

स्वयंअर्थसहाय्यित शाळा २०१२ च्या स्वतंत्र कायद्याने आल्या. सीबीएसई, आयसीएसईच्या शाळाही वाढल्या. शहरांत नव्याने बी.एड. झालेल्यांना, विशेषतः मुलींना, पहिली नोकरी बहुधा इथेच मिळते. इथे सेवेचे नाते बरेचसे खाजगी करारावर चालते. अकरा महिन्यांचा करार, मध्येच सोडल्यास दोन-तीन महिन्यांचा पगार कापण्याची अट, मूळ प्रमाणपत्रे कार्यालयात ठेवून घेणे, बँकेत पूर्ण पगार जमा करून त्यातला काही भाग रोख परत मागणे, हे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत आणि तक्रार क्वचितच होते. कारण पुढच्या शाळेत अनुभवाचे प्रमाणपत्र लागते आणि ते याच शाळेकडून घ्यायचे असते. नोकरी सोडण्याच्या अशा अटीबद्दल, म्हणजे बाँडबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, सेवा सोडल्यास ठरावीक रक्कम भरण्याची अट मुळातच बेकायदा नाही, असे सांगितले. पण ती खुल्या स्पर्धेतून भरती करणारी सार्वजनिक बँक होती आणि पुन्हा भरती करण्याचा खर्च हा तिचा युक्तिवाद होता. आठ-दहा हजारांवर नेमलेल्या शिक्षिकेला तोच तर्क लावायचा का, याचे उत्तर त्या निकालात शोधणे घाईचे ठरेल.

मग कामगार कायद्यांचा आसरा घ्यावा, तर तिथली दारे अर्धी उघडी आहेत. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, ‘ए. सुंदरंबाल’ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालील कामगार नाही, असे ठरवले. १९९६ मध्ये किमान वेतन कायदाही शिक्षकांना लागू नाही असे म्हटले. २००४ मध्ये उपदानाच्या म्हणजे ग्रॅच्युइटीच्या कायद्याबाबत तसाच निकाल आला. तिथे मात्र संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलून शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून मागील प्रभावाने हक्क दिला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. भविष्यनिर्वाह निधी शिक्षणसंस्थांना १९८२ पासून लागू आहे. मातृत्व लाभ कराराची मुदत संपली म्हणून संपत नाही, हे २०२३ च्या ‘कविता यादव’ निकालाने सांगितले. थोडक्यात, एकच शिक्षिका एका कायद्यासाठी कर्मचारी असते आणि दुसऱ्यासाठी नसते.

गोव्यात १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आहे आणि अनुदानित शाळांचे जाळे दाट आहे. तरी कंत्राटी आणि ‘लेक्चर बेसिस’वरचे शिक्षक तिथेही आहेत, आणि वर्ष संपताना पुढच्या वर्षाची धाकधूक त्यांनाही असते.

कंत्राटाची नवी लाट

२०२३ पासून महाराष्ट्रात वाद पुन्हा पेटला. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषदांच्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपये मानधनावर घेण्याचे ठरले. सप्टेंबरमध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय आला आणि विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत डी.एड., बी.एड. झालेल्या तरुणांना १५,००० रुपयांवर कंत्राटी नेमण्याचा निर्णय झाला. तोही पुढे मागे घेतला गेला. २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत बाह्यस्रोतातून शिक्षक घेण्याविरुद्ध रोजंदारी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी नाशिकला दीर्घकाळ मुक्काम ठोकला. निर्णय, विरोध, माघार हा क्रम इतक्यांदा झाला की धोरण नेमके काय आहे हे सांगणे अवघड आहे. मागे घेतलेल्या प्रत्येक निर्णयाच्या वेळी काही तरुण मात्र रुजू झालेले असतात. त्यांच्या काही महिन्यांच्या सेवेला ज्येष्ठतेत जागा नाही.

चार बाजू

सरकारची बाजू मुख्यतः पैशाची आहे, पण निव्वळ कंजूषपणाची म्हणून ती झटकून टाकता येत नाही. शालेय शिक्षणावरच्या खर्चाचा फार मोठा भाग पगारात जातो. पट घटत असताना कायम पद भरले की ते तीस वर्षांचे दायित्व होते. न्यायालयांनीही ही बाजू कधी उचलून धरली आहे. बिहारच्या ‘नियोजित’, म्हणजे स्थानिक संस्थांमार्फत नेमलेल्या, शिक्षकांची समान वेतनाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१९ रोजी नाकारली. तिथे नेमणुकीची पद्धत आणि संवर्ग वेगळा असल्याचे आणि राज्यावर पडणाऱ्या भाराचे कारण मान्य झाले.

संघटनांची बाजू समान कामाला समान वेतनाची. तिला आधार २०१६ च्या पंजाबच्या ‘जगजित सिंग’ निकालाचा आणि अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या निकालाचा. त्यात न्यायालयाने समान वेतन मान्य करताना गुरूचे नुसते गोडवे गाऊन भागत नाही, अशा आशयाचे खडे बोलही सुनावले. बिहार आणि गुजरात यांचे निकाल एकत्र वाचले की शिक्षणसेवकाची जागा अवघड दिसते. त्याची नेमणूक नियमित पदावर, नियमित प्रक्रियेतून होते, हे त्याच्या बाजूने आहे. मानधनाची तीन वर्षे कायद्यातच लिहिलेली आहेत, हे विरुद्ध.

संस्थाचालक म्हणतात की शाळा चालवायची जबाबदारी आमची, पण शिक्षक निवडायचा पोर्टलने, पद ठरवायचे संचमान्यतेने आणि मान्यता द्यायची शिक्षणाधिकाऱ्यांनी. न जमणाऱ्या माणसाला परिविक्षेत सोडण्याचा अधिकारही गेला तर उरले काय? या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र हा अधिकार वापरण्यासाठी मूल्यमापनाच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि त्या न ठेवता काढल्यामुळेच व्यवस्थापने न्यायाधिकरणात अडचणीत येतात.

चौथी बाजू संशोधकांची, आणि ती सरकार व संघटना या दोन्ही पक्षांना गैरसोयीची आहे. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातल्या शंभर शाळांना एकेक जादा कंत्राटी शिक्षक देऊन पाहिले. मुलांचे गुण वाढले, आणि कंत्राटी शिक्षक नियमितांपेक्षा कमी परिणामकारक आढळले नाहीत. तेव्हा कंत्राटी म्हणजे निकृष्ट, हे विधान टिकत नाही. पण केनियात याच धर्तीचा प्रयोग सरकारी यंत्रणेने राबवला तेव्हा लाभ दिसला नाही. पगार उशिरा होणे, देखरेख ढिली पडणे ही कारणे पुढे आली. स्वस्त शिक्षकही वेळेवर पगार मिळाला तरच शिकवतो, असे यातून निघते. आपल्याकडच्या शिक्षणसेवक योजनेचा मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम झाला, हा प्रश्न या सगळ्या वादात फार कमी विचारला गेला आहे.

या चारांपलीकडची, डी.एड. होऊन घरी बसलेल्यांची बाजू मोर्च्यात सहसा ऐकू येत नाही. निवृत्तांना वीस हजार देण्यापेक्षा आम्हाला द्या, असे म्हणताना त्यांना कंत्राट नकोच असते असे नाही. संघटनांचे सभासद आणि रांगेत उभे असलेले यांचे हित इथे वेगळे होते.

अजून न सुटलेले

परिविक्षा कशासाठी, हे आपण नीट ठरवलेले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्कोच्या १९६६ च्या शिफारशीत तिच्याकडे नवशिक्षकाला आधार देत कामात मुरवण्याचा काळ म्हणून पाहिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही परिविक्षेनंतरची कायम नेमणूक कामाच्या योग्य मूल्यमापनावर ठरावी, असा विचार आहे. महाराष्ट्रात तीन वर्षे आहेत, पण त्यांत कोणी ज्येष्ठ शिक्षक नव्याच्या वर्गात बसून त्याला काही सांगेल, अशी सक्तीची व्यवस्था नाही. तीन वर्षांचे समर्थन शिकण्याच्या काळाने करायचे असेल तर ती लागेल. नसेल तर हा काळ बचतीचाच राहतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी नवे प्रश्न उभे केले आहेत. वेतन संहितेत किमान वेतन ‘कर्मचारी’ या व्यापक व्याख्येला जोडले आहे. मग १९९६ च्या निकालाची भिंत उरते का? सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतबंद कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी आहे. अकरा महिन्यांच्या करारांना ती लागू होऊ नये म्हणूनच ते अकरा महिन्यांचे राहतील का? औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय आणि सामाजिक सेवेच्या संस्था ‘उद्योगा’तून वगळल्या आहेत, तेव्हा कामावरून काढण्याच्या वादात १९८८ चीच स्थिती राहण्याचा संभव जास्त. यांवर न्यायालयांचे निकाल यायचे आहेत.

अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्नही लोंबकळतो आहे. सप्टेंबर २०२५ च्या निकालात त्यांना शिक्षणहक्क कायदा आणि टीईटी लावायची का, हे मोठ्या पीठाकडे सोपवले आहे. तोवर अशा शाळांत टीईटीशिवाय नेमले जाणारे तरुण आहेत. मोठ्या पीठाने परीक्षा सक्तीची ठरवली तर त्यांची आधीची सेवा ग्राह्य धरायची, मुदत द्यायची, की नेमणूकच सदोष मानायची, हे आज कोणतीही ऑर्डर त्यांना सांगत नाही.